टेक्सासात रिव्हॉल्वरनं रानडुक्कर मारायचं तर गोळी कुठली घ्यावी? भावासाठी विचारायलोय

जांबोटीकर

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ टेक्सासात ऑस्टिनच्या बाजूला असतोय, एच-वन-बी वर, तीन वर्षं झाली. त्याच्या हापिसातल्या एका मोठ्या साहेबांची तिकडं रँच हाय, रानडुकरांनी सगळी नांगरून ठेवलीय म्हणे, आणि ते साहेब दर थंडीत रायफल बाजूला ठेवून रिव्हॉल्वरनं शिकार करतात. ह्या वर्षी त्यांनी भावाला बोलवलंय. रिव्हॉल्वर ते देणार, .३५७ मॅग्नम किंवा .४४ मॅग्नम, हाताला बसेल ते. पण गोळ्या तुझ्या तू निवड, का निवडल्यास ते मला सांग आणि मगच ये, असं सांगितलंय. भाऊ दुकानात गेला तर एकट्या .३५७ च्याच भिंतभर पेट्या, कुणावर हॉलो पॉइंट, कुणावर सॉफ्ट पॉइंट, कुणावर हार्ड कास्ट, डोकंच चालेना त्याचं, रात्री मला फोन.

मी एवढं मनावर का घेतलंय ते पण सांगतो. मी सातवीत होतो, आमच्या रताळ्याच्या शेतात कुणीतरी ठासणीच्या बंदुकीनं छर्रे मारलेलं डुक्कर शिरलं आणि खाली ओढ्याला करवंदीच्या जाळीत जाऊन पडलं. मेलं नाही. दोन दिवस त्याचा श्वास ऐकू यायचा, पाण्यात नळी घालून फुंकल्यासारखा आवाज, बुडबुडबुडबुड. तिसऱ्या दिवशी सकाळी थांबला. बाबा त्या दोन दिवसात धड जेवले नाहीत. भावाला हे आठवत नाही, तो लहान होता, पण मला अजून तो ओढा ओलांडताना ऐकू येतंय. म्हणून त्यानं गोळी चालवायचीच असेल तर ते जनावर जाग्यावर गेलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं हाय. जाणकारांनी सांगा.

खडेबाजार_बेळगाव

जांबोटीकर, आधी एक गोष्ट ठळक लिहून ठेवा म्हणजे कुणाचा गैरसमज नको. हे सगळं तिकडचं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, रानडुक्कर सुद्धा त्यात येतंय, तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. तुमच्या जांबोटीला तर भीमगड अभयारण्य लागूनच. गावातलं कोणतरी पोरगं हे वाचून बंदूक काढेल.

जांबोटीकर

व्हय दादा, बरोबर. इथलं काही नाही, फक्त टेक्सासचं.

गुंजीचा_शेतकरी

मधेच बोलतो माफ करा. आमच्याकडं डुकरं रात्रीत अर्धा एकर भात लोळवतात, माळ्यावर बसून डबा बडवून घसा बसलाय, फॉरेस्टचा पंचनामा होतोय, पैसे मिळतात पण कधी आणि किती ते विचारू नका. आणि कोडगूच्या लोकांना लायसनशिवाय बंदूक, मग खानापूर तालुक्यानं काय पाप केलंय?

खडेबाजार_बेळगाव

अण्णा, कोडवांना ती सूट इंग्रजांच्या काळापासनं आहे, २०१९ ला केंद्रानं ती २०२९ पर्यंत वाढवली. पण ती बंदूक बाळगायची सूट आहे, जनावर मारायची नव्हे. शिकारीचा कायदा त्यांना पण तोच. तुमचं दुखणं खरं आहे, त्याचा वेगळा धागा काढा, मी येतो तिथं.

निपाणीकर_डॅलस

जांबोटीकर, बरं झालं विचारलंत. मी मूळ निपाणीचा, अकोळ रोडचा, इथं अकरा वर्षं. हँडगननं शिकार चार सीझन केली. गोळ्यांवर येतोच, पण त्याआधी जे तुमच्या भावाला बहुतेक कुणी सांगितलेलं नसणार ते सांगतो.

एच-वन-बी म्हणजे नॉन-इमिग्रंट, तात्पुरत्या मुक्कामाचा व्हिसा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं अशा व्हिसावरच्या माणसानं बंदूकच काय, गोळ्यांची पेटी सुद्धा जवळ बाळगणं गुन्हा आहे. त्याला अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन. आता गंमत बघा, टेक्सासात २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीनं रानडुक्कर मारायला लायसन लागत नाही. रँचवाले साहेब प्रेमानं म्हणणार, अरे डुकराला कशाला लायसन! साहेबांना नाही लागत. तुमच्या भावाला लागतंय, कारण त्याचं बंदूक हातात घेणंच त्या कागदावर उभं आहे. तर पहिलं लायसन, मग पेटी. शिवाय २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना टेक्सासात हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, तो पण करून घेऊ दे, चांगला असतो.

आता गोळी. रायफलचा हिशोब डोक्यातनं काढून टाका. .३०८ रायफलची १५० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला साधारण २,८०० फुटानं जाते. .३५७ मॅग्नमची १५८ ग्रेनची गोळी वजनाला तिच्यापेक्षा थोडी जास्तच, पण वेग १,२०० च्या आसपास. .४४ ची २४० ग्रेनची १,२०० ते १,३०० च्या घरात. रायफलची वेगवान गोळी आजूबाजूचं मांस पण फाडत जाते, रिव्हॉल्वरची गोळी फक्त भोक पाडते. भोक किती रुंद आणि किती खोल, एवढ्यावर सगळं. ते हृदयातनं किंवा दोन्ही फुप्फुसातनं आरपार गेलं पाहिजे, म्हणजे रक्त दोन्ही बाजूनं जातंय आणि जनावर लवकर पडतंय.

त्यामुळं घरात संरक्षणासाठी म्हणून ज्या हलक्या हॉलो पॉइंट (नाकाला खळगा असलेल्या) विकतात, १२५ ग्रेन वगैरे, त्या डुकराला नकोत. त्या मुद्दाम लवकर फुलायला बनवलेल्या असतात, समोर डुकराचा खांदा आला की वरच्यावर फुलून थांबतात. आणि मग तुमच्या ओढ्यातला प्रकार होतो.

सुभेदारकाका

वा निपाणीकर, नीट सांगितलंत. मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, आता बेळगावातच असतो. शिकार कधी केली नाही पण पिस्तूल तीस वर्षं हाताळलं, त्यावरून दोन शब्द.

फौजेची ९ एमएम गोळी पूर्ण तांब्याच्या आवरणाची, गोल नाकाची. ती फुलत नाही, सरळ सुईसारखी जाते. काही पोरांना वाटतं फौजी गोळी म्हणजे सगळ्यात भारी. शिकारीला ती वाईट, भोक बारीक पडतं, मांस मागं मिटून घेतं, रक्त पण सांडत नाही, मग शोधणार कसं? तिकडं बऱ्याच राज्यात शिकारीला ती चालत पण नाही. फौजेत ती का, तर १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात इंग्रजांनी नाक उघडं ठेवलेली फुलणारी गोळी काढली, तिच्या जखमा बघून १८९९ ला हेगच्या परिषदेत युद्धात फुलणाऱ्या गोळ्या वापरायच्या नाहीत असं ठरलं. माणसाच्या युद्धाचा नियम तो. जनावराच्या बाबतीत उलटं, ते लवकर मेलं तरच त्यावर दया.

दुसरं, रिव्हॉल्वर पहिल्यांदा धरणारा माणूस डावा हात पुढं नेऊन नळीखाली धरतो, रायफलसारखा. तसं अजिबात धरायचं नाही. सिलिंडर आणि नळीच्या मधे बारीक फट असते, बार निघाला की त्यातनं दोन्ही बाजूला पेटता वायू येतो, मॅग्नमचा असेल तर बोट कापून काढेल. दोन्ही हात मुठीवरच. आणि कानाला नुसते बोळे नव्हे, वर मफ्स पण. .३५७ चा आवाज उघड्या कानाला एका बारात कायमचा धक्का देतो.

छापखाना_शहापूर

नमस्कार. हे ग्रेन ग्रेन वाचून मला एकदम घर आठवलं म्हणून लिहायला बसलो. आमचे आजोबा सराफीत होते आणि वडील छापखान्यात कंपोझिटर, बघा दोन्ही गोष्टी ह्या धाग्यात आल्या.

जुना तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. हाच ग्रेन. (आता १० ग्रॅमला तोळा म्हणतात ते वेगळं, जुना ११.६६ ग्रॅमचा.) म्हणजे १५८ ग्रेनची गोळी चौदा आणे भर, १८० ची बरोब्बर तोळाभर, २४० ची एक तोळा आणि वर त्याचा तिसरा हिस्सा. भावाला हे सांगा, वजन हातात येईल. तोळ्याची अंगठी तळहातावर घेऊन बघायची आणि ही एवढीच वस्तू दीडशे-दोनशे पौंडाच्या जनावरात आरपार जायचीय असा विचार करायचा.

आणि ते हार्ड कास्ट म्हणजे काय ते मला लगेच कळलं. नुसतं शिसं मऊ, नखानं ओरखडा उठतो. वडिलांचे खिळे (छपाईची अक्षरं) मात्र कडक असायचे कारण त्यात अँटिमनी आणि कथील घातलेलं असतं, नाहीतर मशीनच्या दाबाखाली अक्षर चपटं झालं असतं. गोळीचं पण तेच असणार ना? कडक केलेलं शिसं म्हणजे हाडावर आपटून चपटं होत नाही?

निपाणीकर_डॅलस

काका अगदी तेच! इथले घरी गोळ्या ओतणारे जुने लोक छापखाने बंद पडले तेव्हा लायनोटाइप ह्या छपाईच्या मशीनचा धातू पोत्यानं घेऊन ठेवायचे आणि त्यात शिसं मिसळून गोळ्या करायचे. तुमच्या वडिलांच्या खिळ्यांचीच भावंडं ती.

हार्ड कास्टचं नाक चपटं आणि रुंद असलं पाहिजे, हे महत्त्वाचं. ती फुलत नाही, पण रुंद चपटं नाक मांस ढकलत, कापत जातं, त्यामुळं न फुलता सुद्धा भोक मोठं राहतं आणि खोली भरपूर. एल्मर कीथ नावाचा माणूस होता आयडाहोचा, त्यानं असल्या नाकाच्या जड गोळ्यांवर सगळं आयुष्य घातलं, .४४ मॅग्नम १९५५ ला निघाली त्यात त्याचा मोठा हात. .३५७ त्याच्या आधीची, १९३५ ची. पुढं २००३ ला त्याहून मोठी .५०० एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) आली, पण पहिल्यांदा जाणाऱ्यानं तिच्या वाटेला जाऊ नये, धक्क्याला घाबरून ट्रिगर ओढायच्या आधीच हात दचकतो आणि गोळी पोटात जाते.

माझं मत एका वाक्यात, डुकराला .४४ मध्ये २४० ते ३०० ग्रेनची हार्ड कास्ट नाहीतर .३५७ मध्ये १५८ ते १८० ग्रेनची, आणि हरणाला सॉफ्ट पॉइंट (नाकाशी मऊ शिसं उघडं असलेली, फुलणारी).

रांगडा_हुक्केरी

मी नाही मानत. हरिण असो डुक्कर असो, फुलणारी गोळी फुललेलीच बरी. युट्यूबवर जेलीच्या ठोकळ्यात बघा, हॉलो पॉइंट कशी फुलासारखी उघडते, केवढी पोकळी पडते. तुमची हार्ड कास्ट नुसती बाण गेल्यासारखी जाते.

पशुवैद्य_चिकोडी

रांगडा दादा, जेलीत हाड नसतं आणि ढाल पण नसते. मी जनावरांची डॉक्टर आहे, वाहनाची धडक बसून मेलेल्या रानडुकराचं शवविच्छेदन केलेलं आहे, म्हणून हात लावून पाहिलेलं सांगते.

मोठ्या नराच्या खांद्यावर, कातडीखाली, एक जाड चिवट थर असतो. नर एकमेकांशी झुंजतात तेव्हा सुळ्यांपासून बचाव व्हावा म्हणून तो वयाबरोबर वाढत जातो. माझा स्काल्पेल त्यात अडकला होता, शेवटी मोठी सुरी आणावी लागली, आणि कापताना आवाज येतो, जुनं चप्पल कापल्यासारखा कर्रर्र. जाडी बोटभर. त्यावर चिखल आणि राळ माखून वाळलेली. त्याच्यामागे खांद्याचं हाड. हॉलो पॉइंटचं तोंड ह्या थरातच भरतं आणि तिथंच फुलतं, पुढं जायला जोर उरत नाही. हरणाची कातडी पातळ, बरगड्या बारीक, तिथं फुलणारी गोळी योग्यच. म्हणजे तुम्ही दोघं वेगवेगळ्या जनावराबद्दल बोलताय.

दुसरं, गोळी कितीही चांगली असली तरी जागा चुकली तर व्यर्थ. हरणाच्या सवयीनं लोक खांद्याच्या मागे छातीच्या मध्यावर नेम धरतात. डुकराचं हृदय आणि फुप्फुस त्यापेक्षा पुढं आणि खाली असतं. आडवं उभं असेल तर पुढच्या पायाची मागची कड धरून वर या, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात थांबा, तिथं. पाठीवरचे राठ केस उभे असतात त्यामुळं ते आहे त्यापेक्षा उंच दिसतं, आणि नेम वर जातो. वर गेलेली गोळी मणक्याच्या वरून, पाठीच्या मांसातून निघून जाते, जनावर पळतं आणि दिवसांनी मरतं. जांबोटीकर, तुमच्या ओढ्यातल्या त्या आवाजाचं कारण मला माहीत आहे, छर्रा फुप्फुसात जाऊन थोडंच रक्त साठलं असणार, लगेच मरण्याइतकं नाही. वाचून वाईट वाटलं.

भावाला सांगा साफ करताना रबरी हातमोजे घालायचेच. तिकडच्या रानडुकरांत ब्रुसेलोसिस असतो, रक्तातून हाताच्या कापलेल्या जागेतून माणसाला होतो. आणि मांस आतपर्यंत ७१ डिग्रीला शिजवायचं, त्यात ट्रिकिनेला नावाचे कृमी असू शकतात.

रांगडा_हुक्केरी

ताई पटलं. ढालीचं माहीत नव्हतं.

कँप_बेळगाव

मला एक साधा प्रश्न आहे, राग मानू नका. जर रायफलनं जनावर लवकर मरतं तर रिव्हॉल्वर घ्यायचाच कशाला? जांबोटीकरांचं म्हणणं जनावराचे हाल नकोत, मग रायफलच घ्या ना.

निपाणीकर_डॅलस

प्रश्न रास्त आहे. मी स्वतः लांबच्या शिकारीला रायफलच नेतो. डुकरं ओढ्याकाठच्या दाट झुडपात असतात, तिथं वीस-तीस पावलांवरच दिसतात, लांब नळी फांद्यात अडकते, तेवढ्यापुरती हँडगन चालते. त्यापुढं चालत नाही. ज्याला जवळ जायची सबुरी नाही त्यानं ती घेऊच नये.

आणि एक अनुभव सांगतो, तुमच्या भावाचा होऊ नये म्हणून. पहिल्या वर्षी मी हलक्या वजनाची .४४ घेतली होती, त्यात एका कंपनीच्या ३०० ग्रेनच्या गोळ्या. रेंजवर चार बार झाले, पाचव्याला सिलिंडर फिरेचना. बघतो तर धक्क्यानं उरलेल्या काडतुसांपैकी एकाची गोळी पितळेतनं सरकून पुढं आली होती आणि नळीच्या बुडाला अडकली होती. रानात जखमी डुकरासमोर हे झालं असतं तर? तेव्हापासून नवी पेटी आणली की सहा भरायच्या, पाच मारायच्या, सहावी काढून पेटीतल्या नव्या गोळीशी लांबी जुळवून बघायची. सरकली असेल तर ती पेटी शिकारीला नाही. भावाला हे करायला लावाच.

सरावाला सोपा उपाय, .३५७ मध्ये .३८ स्पेशल चालते, .४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशल, धक्का कमी. उलटं नाही करायचं. पण शेवटचे दोन आठवडे जी गोळी नेणार तीच मारायची, कारण जड गोळी लागते वेगळीकडे.

सुभेदारकाका

आणि अंतर ठरवायला नाश्त्याची कागदी डिश घ्या, सहा इंची. खिळ्यानं लावायची, उभं राहून, टेकू न घेता सहा मारायच्या. जिथवर सहाच्या सहा डिशीत, तिथवरच तुमची शिकार. पाच लागल्या तर पुढं यायचं. ह्यात सूट नाही.

जांबोटीकर

मंडळी काय बोलू, भावाला सगळं वाचून दाखवलं फोनवर, दीड तास. त्यानं आधी लायसनसाठी कोर्स लावलाय. साहेबांना पण व्हिसाचं माहीत नव्हतं, ते चाट पडले म्हणे.

छापखाना_शहापूर

मांसात शिशाचा अंश राहतो का हो? कंपोझिटर लोकांना शिशाचा त्रास व्हायचा, वडील जेवणाआधी दोनदा हात धुवायचे, म्हणून विचारतो.

निपाणीकर_डॅलस

राहतो काका, वेगानं फुटणाऱ्या गोळीचा जास्त, हार्ड कास्ट अख्खी राहते त्यामुळं कमी. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद आहे, तिथल्या काँडोर गिधाडांना मेलेल्या जनावरातनं शिसं जात होतं. टेक्सासात चालते. घरात लहान पोरं खाणार असतील तर पूर्ण तांब्याची (आतपर्यंत तांबं, नुसतं आवरण नव्हे) गोळी घ्यावी, महाग आहे पण चांगली. नाहीतर जखमेभोवतीचं वीतभर मांस काढून टाकायचं.

जांबोटीकर

अपडेट द्यायला आलोय, दोन महिने झाले.

भावानं .४४ धरून बघितली, दहा बारातच दचकायला लागला, सोडली. .३५७ घेतली, सहा इंची नळीची. १८० ग्रेनची हार्ड कास्ट, चपट्या नाकाची, म्हणजे आपला बरोबर तोळा. सहावी गोळी मोजून बघितली, सरकली नव्हती. डिशीचे फोटो पाठवले, २५ यार्डावर सहाच्या सहा, ३५ ला दोन बाहेर. त्यानं साहेबांना सांगितलं माझं अंतर २५, त्यापुढं मी ट्रिगरला बोट लावणार नाही.

पहिल्या संध्याकाळी चितळ आले. व्हय, आपले चितळ! १९३० च्या दशकात तिथं नेऊन सोडलेले, आता मोकाट झालेत. साठ यार्डावर होते. साहेब मार म्हणाले, हा नाही म्हणाला. शिवाय गोळी डुकराची होती. दुसऱ्या दिवशी पहाटे कोरड्या ओढ्यात डुकरांचा कळप, एक मादी बाजूला आडवी उभी, साहेबांनी नंतर पावलं मोजली, बावीस. डॉक्टरताईंनी सांगितलेली पायाची मागची कड धरून वर आला आणि थांबला. एकच बार. गोळी आरपार, पलीकडच्या दगडावर रक्त.

मी रात्री बाबांना सांगितलं. ते अंगणात रताळी निवडत होते, मान वर न करता विचारलं, "किती लांब गेलं?"

मी म्हटलं, पंधरा पावलं.

"आवाज?"

नाही म्हटलं. पडलं ते पडलंच.

बाबांनी हातातलं रताळं चांगल्यांच्या ढिगात टाकलं आणि दुसरं उचललं.